पस्तीस किलोंची जागा

“चपला काढून चढ,” आमच्या क्रीडाशिक्षिका होनराव मॅडम म्हणाल्या.

मी चपला काढल्या आणि जिमखान्याच्या खोलीतल्या त्या जुन्या वजनकाट्यावर चढले. काटा जरा थरथरला आणि पस्तिसावर जाऊन थांबला. मॅडमनी वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि छताकडे हात जोडले.

“पस्तीस! अगं, इतके दिवस होतीस कुठं तू?”

“लायब्ररीत,” मी खरं ते सांगितलं.

दारात सात मुली उभ्या होत्या. सगळ्या अंगापिंडानं माझ्या दीडपट. त्यांच्यातली सगळ्यात पुढची, दोन्ही हात कमरेवर ठेवलेली, माझ्याकडे खालून वर बघत म्हणाली, “मॅडम, हिला दोर धरायला लावायचा का दोराला हिला बांधायचं?”

ती सत्यभामा केंद्रे, आमच्या कॉलेजच्या रस्सीखेच संघाची कर्णधार. सगळे तिला भामा म्हणत. बारावीच्या वर्गात ती माझ्या मागच्या तिसऱ्या बाकावर बसायची, हे मला त्या दिवशी कळलं.

रस्सीखेचीत आठ जणी लागतात, आणि आठ जणींच्या वजनाची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊन चालत नाही. आमच्या गटाला चारशे तीस किलोंची मर्यादा होती. भामा आणि बाकीच्या सहा जणी मिळून तीनशे चौऱ्याण्णव. उरले छत्तीस. बारावीत शिकणारी, दोन पाय, दोन हात आणि छत्तीसच्या आत वजन असलेली मुलगी मॅडम महिनाभर शोधत होत्या. मला त्यांनी कॅन्टीनच्या रांगेत हेरलं होतं.

मी मात्र तिथं गेले ते माझ्या गरजेपोटी.

आमचं लातूर हे मार्कांचं गाव. रिक्षावालासुद्धा बसल्याबसल्या विचारतो, ‘फिजिक्सला किती?’ दहावीत मला त्र्याण्णव टक्के होते आणि पुढं डॉक्टर व्हायचं हे घरात, गल्लीत आणि किराणा दुकानात ठरलेलं होतं. मला जायचं होतं पुण्याबाहेरच्या एका टेकडीवरच्या कॉलेजात. साठच जागा, आणि तिथं म्हणे रसायनशास्त्र आणि इतिहास एकाच वर्षी शिकता येत होतं. आई-पप्पांनी ‘बघू’ म्हटलं होतं, म्हणजे शिवामामाला विचारू.

शिवामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि अर्ध्या लातूरचे फॉर्म तो भरून द्यायचा. त्या कॉलेजच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: ‘अभ्यासाखेरीज आपण काय करता?’ खाली दहा ओळी मोकळ्या. मी लिहिलं होतं, ‘वाचन.’

मामानं ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“अक्षता, वाचन म्हणजे काय गं?”

“वाचन म्हणजे... वाचन.”

“तो अभ्यासच झाला. पोरी, मार्क म्हणजे भाकरी. ती तुझ्याकडं ढीगभर आहे. पण नुसती भाकरी कोण खातं? ठेचा कुठाय? त्या लोकांना ठेचा बघायचाय.”

“मामा, दोन महिन्यांत मी ठेचा कुठून आणू?”

“ते मी बघतो,” असं म्हणून त्यानं माझ्यासाठी हार्मोनियम, लेझीम आणि वक्तृत्व अशा तीन गोष्टींची चौकशी केली. तिन्ही मंडळींनी आधी माझी परीक्षा घेतली आणि मग मामाला चहा पाजून परत पाठवलं. अशा परिस्थितीत कॅन्टीनच्या रांगेत कुणीतरी माझं मनगट धरून ‘वजन किती गं तुझं?’ असं विचारलं, तर मी दुसरं काय करणार?

भामाला मी पसंत नव्हते. पण तिचीही एक अडचण होती, आणि ती होनराव मॅडमनी तिथल्या तिथं मांडली. भामा इंग्रजीत अकरावीला दोनदा काठावरून घसरली होती. बारावीला घसरली असती तर पोलीस भरतीचं तिचं स्वप्न तिथंच संपलं असतं. पास व्हायला हवे होते पस्तीस मार्क.

“तिला पस्तीस मार्क पाहिजेत, आम्हाला पस्तीस किलो,” मॅडम म्हणाल्या. “बसा दोघी आणि ठरवा.”

आम्ही जिमखान्याच्या पायऱ्यांवर बसलो. भामानं मला पुन्हा एकदा निरखलं.

“कशाला यायलीस तू? खरं सांग.”

“सर्टिफिकेटसाठी.”

“बरं झालं, खरं बोललीस,” ती म्हणाली. “उद्या सहाला ये. उशिरा आलीस तर मैदानाला पाच चकरा.”

मी सहा वाजून चार मिनिटांनी गेले. पाच चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेनंतर खाली बसले, तर भामा माझ्या शेजारून पळत म्हणाली, “बस की. बसून झालं की उरलेल्या दोन मार.”

तेव्हापासून माझं नाव पस्तीस पडलं. ‘ए पस्तीस, टाच रोव.’ ‘पस्तीस, बूड वर आलं तुझं.’ रस्सीखेच म्हणजे ओढणं असतं, असा माझा समज होता. ओढणं त्यातलं अगदी शेवटचं. आधी नुसतं धरून राहायचं. अंग मागं टाकायचं, टाच जमिनीत रोवायची आणि समोरच्या आठ जणी हिसके देत असताना आपण जागचं हलायचं नाही. मी सगळ्यात हलकी म्हणून सगळ्यात पुढं. सगळ्यात शेवटी भामा, दोर अंगाभोवती घेऊन. तिथून ती सगळ्यांच्या पाठी बघायची, आणि कुणाचा गुडघा कधी थरथरणार हे त्या मुलीच्या आधी तिला कळायचं.

पहिल्या आठवड्यात माझ्या दोन्ही तळहातांची सालं निघाली. दुसऱ्या आठवड्यात मी आईकडे दुसरी भाकरी मागितली. आई माझ्याकडे बघतच राहिली आणि मग तिसरीही टाकायला लागली.

सरावानंतर अर्धा तास पायऱ्यांवर इंग्रजी. भामा वहीवर अशी वाकायची, जणू वही पळून जाणार आहे.

“रजेचा अर्ज लिही,” मी म्हटलं. “सुरुवात कशी? ‘आय बेग टु स्टेट’.”

“बेग म्हंजे?”

“म्हणजे... विनंती. खरं तर, भीक मागणे.”

तिनं पेन ठेवलं. “मी आजारी पडले, आणि भीकही मीच मागू?”

“अगं, पद्धत असते ती.”

“असल. दुसरं काय लिहिता येतं ते सांग.”

मी विचार केला. ‘आय राइट टु इन्फॉर्म यू’ असं सांगितलं. ते तिला आवडलं. “हां. ही मुद्द्याची गोष्ट झाली. इन्फॉर्म करते, रजा देतो का नाही ते तुझं तू बघ.” उताऱ्यावरचे प्रश्न तिला जमेनात, तेव्हा मी पंचांच्या आज्ञांपासून सुरुवात केली. ‘टेक द स्ट्रेन’, ‘स्टेडी’, ‘पुल’. एवढं इंग्रजी तिला पायापासून डोक्यापर्यंत येत होतं. “टेक म्हंजे घ्या. द म्हंजे कायच नाही. स्ट्रेन म्हंजे ताण,” ती म्हणाली. “मंग असं सांग की, हे मला येतं म्हणून!”

नोव्हेंबरात आम्ही जिल्ह्यात पहिल्या आलो. डिसेंबरात विभागातही. मला दोन सर्टिफिकेटं मिळाली. मामानं त्यांच्या रंगीत झेरॉक्स काढल्या, फॉर्म स्वतः टाइप केला आणि पाठवून दिला. आठवड्यानं मी दुकानात गेले, तेव्हा त्या फॉर्मची प्रत टेबलावर पडली होती. दहाही ओळी भरलेल्या. पहिलीच ओळ होती: ‘कर्णधार, मुलींचा रस्सीखेच संघ.’

“मामा! मी कर्णधार नाहीये!”

“संघात आहेस ना?”

“आहे.”

“संघाला कर्णधार असतो ना?”

“असतो, पण ती भामा आहे.”

“ती त्या कॉलेजचा फॉर्म भरणार आहे का? नाही ना? मग तो शब्द रिकामाच पडलाय की! अक्षता, माझं ऐक. फॉर्मात नम्र माणसाला जागा नसते. आणि विचारलं कुणी तर सांगायचं, नेतृत्व, संघभावना, जबाबदारी. हे तीन शब्द पाठ कर.”

मी खूप चिडले. दुकानातून ताडताड निघाले. पण कॉलेजला पत्र लिहून चूक कळवली का? नाही. भामाला सांगितलं का? तेही नाही. घरी जाऊन ते तीन शब्द पाठ केले.

मुलाखतीचं पत्र आलं. जानेवारीतली तारीख, सकाळी दहा वाजता. आणि राज्यस्पर्धाही पुण्यात, त्याच दिवशी. वजन नोंदवायची मुदत दुपारी एक.

होनराव मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. “दहाला मुलाखत म्हणजे अकराला मोकळी. तिथून मैदान अर्धा तास. जमतंय,” त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, “जमव गं बाई. आठवी उभी राहिली नाही तर काटासुद्धा लावत नाहीत.”

आदल्या रात्री संघाबरोबर पुण्यात पोचून त्या दिवशी सकाळी मी रिक्षानं एकटीच टेकडीवर गेले. आईनं दिलेला निळा पंजाबी ड्रेस अंगात, पिशवीत संघाचे कपडे आणि बूट. बाहेरच्या व्हरांड्यात पंधरा-वीस मुलंमुली फायली घेऊन बसली होती. माझ्या शेजारच्या मुलीची फाईल एवढी जाड होती की ती तिनं मांडीवर बाळासारखी धरली होती. तिच्या पलीकडचा मुलगा तबला, पोहणं आणि जर्मन अशा तीन गोष्टी करत होता. “तू?” त्यानं विचारलं.

“रस्सीखेच.”

“म्हणजे गणपतीत असते ती?”

“हो,” मी म्हणाले. “तीच.”

साडेदहा झाले. अकरा झाले. एकेक जण अर्धा अर्धा तास आत. साडेअकराला मी शिपाईकाकांना विचारलं, माझा नंबर आधी घेता येईल का. ते म्हणाले, “बाळ, इथं सगळ्यांनाच घाई आहे.” बारा वाजले. उठून निघून जावं असं दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा मी नुसता ड्रेस सारखा करून बसले.

बारा वाजून दहा मिनिटांनी माझं नाव पुकारलं.

आत तिघं होते. मधे पांढऱ्या केसांच्या सबनीस मॅडम, एका बाजूला दाढीवाले सर आणि दुसऱ्या बाजूला एक तरुण बाई, त्या फक्त लिहीत होत्या. सुरुवात इंग्रजीत झाली. रसायनशास्त्र का, इतिहास का, हे मी बरं सांगितलं असावं, कारण दाढीवाले सर मान हलवत होते. मग सबनीस मॅडमनी फॉर्मचं पान उलटलं आणि त्या मराठीवर आल्या.

“रस्सीखेच! आणि तुम्ही कर्णधार आहात म्हणे.” त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “खरं सांगायचं तर आम्हाला कुतूहल वाटलं. काय करावं लागतं हो कर्णधाराला?”

“नेतृत्व,” मी म्हणाले. “संघभावना. आणि जबाबदारी.”

“बरं. म्हणजे काय करावं लागतं?”

मला पुढचं काही पाठ नव्हतं. आणि त्याच वेळी माझ्यामागचं दार धाडकन उघडलं.

“मॅडम, हिला लौकर सोडता का? वजन व्हायचं ऱ्हायलंय!”

भामा होती. संघाचा ट्रॅकसूट, हाताला पकडीसाठी राळ फासलेली, पायात ते जाड टाचांचे बूट. तिच्यामागून शिपाईकाका “अहो ताई, अहो ताई” करत येत होते. होनराव मॅडमनी तिला रिक्षानं पाठवलं होतं.

“आपण कोण?” सबनीस मॅडमनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या, हे विशेष.

“सत्यभामा केंद्रे. रस्सीखेच. हिच्याच संघातली.”

“अच्छा! म्हणजे आपल्या कर्णधाराला न्यायला आलात.”

भामानं माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. फरशी पांढरी होती, काळे ठिपके असलेली. ठिपके मोजून संपतील तर बरं, असं मला वाटत होतं.

“हो,” भामा म्हणाली. “कर्णधार हाय ती आमची. तिच्याशिवाय आमचा संघ काट्यावर चढत नाई.”

“असं? मग तुम्हीच सांगा,” सबनीस मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. “कशी आहे तुमची कर्णधार? ती स्वतः काही सांगत नाहीये.”

भामानं एक पाय पुढं टाकला, जणू आज्ञा झाली आहे.

“सगळ्यांच्या आधी मैदानावर येती. गावाकडून पयल्या एस्टीनं. दोर वल्ला झाला असंल तर उन्हाला टाकती. कुणी उशिरा आलं की चकरा मारायला लावती, पण एकटीला नाई. आपन सोबत पळती. पोरी रडल्या तर आधी शिव्या देती, मंग घरून आनलेलं शेंगदान्याचं लाडू देती. हरलो तर सगळ्यात शेवटी जाती. जिंकलो तरी शेवटीच, कारण दोर गुंडाळायचा असतो ना.” ती जरा थांबली. “आन समोरचे वढायले ना, तवा मागून तिचा आवाज येतो. नुसतं ‘ऱ्हावा’ म्हनती. ऱ्हावा म्हनलं की मानूस ऱ्हातंय. कसं ते नाई सांगता येत.”

तिचे कान लाल झाले होते. या मुलीला, ती काय करते हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि आज विचारलं तर तिनं ते सगळं उचलून माझ्या नावावर टाकलं होतं.

“मॅडम,” मी म्हणाले. “हे सगळं तिचं आहे.”

“म्हणजे?”

“कर्णधार ती आहे. फॉर्ममध्ये खोटं आहे. माझ्या मामानं लिहिलं, पण मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. ती आत्ता बोलली ते सगळं खरं आहे, फक्त ते मी नाही. मी संघात आहे कारण माझं वजन पस्तीस किलो आहे.”

दाढीवाल्या सरांनी तोंडावर रुमाल धरला. लिहिणाऱ्या बाईंनी लिहिणं थांबवलं. भामा माझ्याकडे असं बघत होती, जणू मी ऐन खेचाखेचीत दोर सोडला आहे.

सबनीस मॅडमनी फॉर्मवर पेनानं एक आडवी रेघ मारली. तिचा आवाजसुद्धा मला ऐकू आला.

“वजन किती वाजता आहे?” त्यांनी विचारलं.

“एक वाजता.”

त्यांनी घड्याळ बघितलं. “मग इथं काय करताय? पळा.”

आम्ही रिक्षात बसलो. भामा एकदम फुटली.

“येडी हायस का गं तू? चांगलं जमत आलं होतं!”

“तू खोटं का बोललीस?”

“तुला लागत होतं म्हनून! तोंड बघितलं असतंस तुझं तर कळलं असतं.”

“पण कर्णधार तू आहेस ना?”

“मंग? त्या कागदावर तुझं नाव आलं म्हनून माझ्या हातातला दोर जानार होता का?” तिनं रिक्षाच्या दांडीवर हात आपटला. “आन तू मला हे आधी सांगितलं नाईस, त्याचं मी नंतर बघते. आता बूट घाल.”

मी रिक्षातच ड्रेसवर ट्रॅकसूट चढवला. एकला आठ मिनिटं कमी असताना आम्ही मैदानावर पोचलो. होनराव मॅडम फाटकापाशी उभ्या होत्या. त्यांचा पदर एका हाताच्या मुठीत गोळा झाला होता.

एकेक मुलगी काट्यावर चढली. शेवटी मी. पंचांनी बेरीज केली, पुन्हा केली.

“चारशे तीस किलो, तीनशे ग्रॅम.”

“शक्यच नाही!” मॅडम ओरडल्या. “आमची बेरीज चारशे एकोणतीस आहे!”

पंचांनी कागद पुढं केला. सात जणी जिथल्या तिथं होत्या. आठवी होती छत्तीस किलो तीनशे.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. तिसरी भाकरी, शेंगदाण्याचे लाडू, मैदानाच्या चकरा. तीन महिन्यांत माझ्या अंगावर पहिल्यांदा काहीतरी चढलं होतं, आणि ते नेमकं तीनशे ग्रॅम जास्तीचं होतं.

“पाच मिनिटं आहेत,” पंच म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

भामानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “पस्तीस, आतला डरेस काढला नाईस व्हय!”

पुढची तीन मिनिटं काय झालं ते मी इथं सविस्तर लिहिणार नाही. इतकंच सांगते की सहा मुलींनी चादर धरून आडोसा केला, आणि आईचा निळा पंजाबी ड्रेस, पायातले पैंजण, आठ जणींच्या केसांतल्या पिना, गळ्यातले ताईत आणि एका मुलीनं खिशात ठेवलेला पेरू असं सगळं एका सतरंजीवर जमा झालं. पुन्हा आठही जणी चढल्या. चारशे एकोणतीस किलो, सातशे ग्रॅम.

“पेरू खायला हरकत नाही आता,” पंच म्हणाले.

पहिला सामना आमच्याहून उंच मुलींशी होता. पहिली खेच आम्ही हरलो. दुसरी जिंकलो. तिसऱ्या वेळी दोर ताणला गेला आणि कुणीच हलेना. समोरच्या मुलीचं तोंड थेट माझ्यासमोर होतं. तिच्या भुवईवरचा घाम मला दिसत होता. माझे तळहात पेटले होते. मांड्या थरथरायला लागल्या. आता सुटणार, असं वाटलं, आणि मागून आवाज आला.

“ऱ्हावा.”

मी राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. मॅडम म्हणतात, पावणेदोन मिनिटं. मग समोरच्या मुलीचा गुडघा हलला, आणि तो भामानं पाहायच्या आधी मी पाहिला. “गेल्या!” मी ओरडले. आयुष्यात मैदानावर मी पहिल्यांदाच काही ओरडले होते. मागून आठही जणींचं, म्हणजे सात जणींचं आणि माझं, वजन एकदम दोरावर आलं.

त्यानंतरचा सामना आम्ही वीस सेकंदांत हरलो. समोरच्या मुली फारच तयारीच्या होत्या. भामानं दोर गुंडाळला. मी तिच्याजवळ थांबले आणि दुसरं टोक धरलं. तिनं ते काढून घेतलं नाही.

मार्चात कॉलेजचं पत्र आलं. छापील, चार ओळींचं: बारावीला ऐंशी टक्क्यांच्या वर मिळाल्यास प्रवेश निश्चित. त्यात रस्सीखेचीचा उल्लेख नव्हता, खोटेपणाचा नव्हता, खरेपणाचाही नव्हता. त्यांनी मला कशासाठी घेतलं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. शिवामामाला मात्र लगेच कळलं. त्यानं पत्राची प्रत दुकानात काचेखाली लावली आणि येईल त्याला सांगायला लागला, “‘कर्णधार’ हा शब्द मी टाकला होता. सगळी जादू त्याचीच.” मी आईला सगळं सांगितलं. आई हसून हसून भाकरी करपवून बसली. पण मामाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. त्याचा धंदा बसला असता.

जूनमध्ये निकाल लागला. मी दुसऱ्या दिवशी एस्टीनं भामाच्या गावी गेले. ती घराशेजारच्या गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होती. मला बघून तिनं पेंढी खाली टाकली आणि इंग्रजीचा आकडाच आधी सांगितला.

“बेचाळीस! लागत होते तेवढे घेतले, आन सात उरले. तुला पायजेत का?”

“मला नकोत. मला पुरेसे आहेत.”

“म्हंजे झालं तुझं? जायलीस पुन्याला?”

“जायलेय.”

तिनं हात झटकले. तिच्या भरतीची मैदानी चाचणी सप्टेंबरात होती. सकाळ-संध्याकाळ पळत होती, असं तिच्या आईनं सांगितलं. आम्ही ओट्यावर बसलो. मी तिला टेकडीवरच्या कॉलेजबद्दल सांगितलं. ग्रंथालय दोन मजली आहे. प्रयोगशाळा रविवारीही उघडी असते. एका वर्गात फक्त पंधरा मुलं. तबला वाजवणारे, जर्मन बोलणारे. मी बराच वेळ बोलत होते. भामा नीट ऐकत होती, जशी इंग्रजीच्या वेळी ऐकायची.

“आन दोर?” तिनं विचारलं.

“नाही. रस्सीखेच नाहीये तिथं.”

“मंग तितं जाऊन तू करनार काय?”

त्या टेकडीवर मला अर्धा तास प्रश्न विचारण्याची त्यांची तयारी होती. ते सगळे प्रश्न, मी इथवर काय काय केलं त्याबद्दलचे होते. हा एक कुणी विचारलाच नव्हता.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

“बरं झालं, खरं बोललीस,” भामा म्हणाली, आणि आत चहा टाकायला उठली.